मांजराच्या घरातली झाडे

फ्लॅटमध्ये राहणारे मांजर आणि कुंडीतले झाड, दोघांनाही घरातली एकच जागा हवी असते: ऊन येणारी खिडकी. मुंबई-पुण्याच्या घरांत ही खिडकी म्हणजे बहुधा बाहेर काढलेली लोखंडी ग्रील. तिच्या अरुंद कठड्यावर मनीप्लांट, कोरफड, तुळस, जास्वंद अशा कुंड्या दाटीने मांडलेल्या असतात आणि ऊन आले की त्याच कुंड्यांमधून अंग चोरत मांजर येऊन बसते. पाने हुंगली जातात, एखादे चावले जाते, भुसभुशीत माती उकरली जाते. यात बहुतेक वेळा नुकसान होते ते झाडाचे. काही मोजकी झाडे मात्र अशी आहेत, की त्यांचे पानभर चावणेही मांजराच्या जिवावर बेतते. ही मोजकी झाडे नीट ओळखता आली, की उरलेल्यांचा फार बाऊ करण्याचे कारण राहत नाही.

मांजर हा पक्का मांसाहारी प्राणी आहे. त्याच्या दाढा मांस कातरण्यासाठी घडलेल्या असतात. पालापाचोळा रवंथ करून दळण्याची सोय त्यांत नाही. गोड चव ओळखणारे जनुक मांजराच्या कुळात निकामी झालेले आहे, त्यामुळे गोडाची त्याला चवच नाही. तरीही मांजर गवत खाते, आणि ते आजारी असते म्हणून खाते ही समजूत खरी नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पशुवैद्यक शाखेतील बेंजामिन हार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हजाराहून अधिक मांजरांच्या मालकांकडून माहिती गोळा केली. बहुसंख्य मांजरे अधूनमधून वनस्पती खातात, खाण्यापूर्वी ती सहसा आजारी दिसत नाहीत आणि खाल्ल्यावर वारंवार ओकणारी मांजरे साधारण पाव ते एक तृतीयांश एवढीच, असे त्यातून दिसले. रानटी मांसाहारी प्राण्यांच्या विष्ठेतही गवत सापडते. आतड्यातले जंत बाहेर ढकलण्यासाठी पूर्वजांना लागलेली ही सवय पोटात जंत नसलेल्या पाळीव मांजरातही टिकून राहिली असावी, असा हार्ट यांचा तर्क आहे. थोडक्यात, पान चावणे हा मांजराचा स्वभाव आहे. त्याला ओरडून, फटके देऊन तो जात नाही. फार तर ते माणसाची पाठ वळेपर्यंत थांबते.

मांजराला वनस्पतींचा धोका कुत्र्यापेक्षा किंवा माणसापेक्षा वेगळा का, याचे एक उत्तर त्याच्या यकृतात आहे. अनेक बाहेरची रसायने शरीराबाहेर टाकण्यापूर्वी यकृत त्यांना ग्लुकुरॉनिक आम्लाची जोड देऊन पाण्यात विरघळणारी बनवते. मांजरात हे काम करणाऱ्या विकरांपैकी एक महत्त्वाचे विकर तयारच होत नाही. पिढ्यानपिढ्या मांसावर जगणाऱ्या प्राण्याला वनस्पतींतली रसायने पचवण्याची गरज पडली नाही, म्हणून ही क्षमता गेली असावी. माणसाला तापावर सहज दिली जाणारी पॅरासिटामॉलची गोळी मांजराला मारू शकते ती याच कारणाने. सुगंधी तेलांतली फिनॉल जातीची रसायनेही त्याला सोसत नाहीत. ‘नैसर्गिक आहे, म्हणजे निरुपद्रवी’ हा हिशेब मांजराच्या बाबतीत सपशेल चुकतो.

सर्वांत मोठा धोका लिलीचा. पण नर्सरीत ‘लिली’ या नावाखाली किमान चार वेगवेगळ्या कुळांतली झाडे विकली जातात, आणि सगळी सारखी विषारी नाहीत. खरी लिली म्हणजे लिलियम: दादरच्या फुलबाजारात गुच्छांसाठी विकली जाणारी, मोठ्या सहा पाकळ्यांची, दाट वासाची ओरिएंटल लिली आणि रंगीत एशियाटिक लिली. तिच्याच जोडीला डे-लिली, म्हणजे हेमेरोकॅलिस. या दोन्हींचे पान, पाकळी, देठ, परागकण, इतकेच काय, फुलदाणीतले पाणीसुद्धा मांजराचे मूत्रपिंड निकामी करते. कुत्र्याने तीच लिली खाल्ली तर त्याचे पोट बिघडून थांबते. मांजरातच हे का होते आणि नेमके कोणते रसायन हे करते, हे अद्याप उलगडलेले नाही. मांजराला फूल खावे लागतही नाही. गुच्छाला घासून गेले, पाठीवर नारिंगी पराग सांडला आणि नंतर अंग चाटताना तो पोटात गेला, एवढेही धोकादायक ठरते.

लिलीची खोड अशी, की पहिली लक्षणे फसवी असतात. काही तासांत मांजर ओकते, मलूल होते, खात नाही. मग ओकारी थांबते आणि घरच्यांना वाटते, निभावले. त्याच काळात मूत्रपिंडाच्या पेशी मरत असतात. एक ते तीन दिवसांत मूत्रपिंड बंद पडते, लघवी होईनाशी होते, आणि तिथवर पोचलेल्या मांजराला वाचवणे फार अवघड असते. पहिल्या अठरा तासांच्या आत शिरेतून सलाईन सुरू होऊन ते दोन-तीन दिवस चालले, तर बरीच मांजरे वाचतात. त्यामुळे मांजर असलेल्या घरात लिलियम नको, हा नियम बिनशर्त पाळावा. कुंडीपेक्षा ती वाढदिवसाच्या किंवा वास्तुशांतीच्या गुच्छातूनच घरात शिरते, हेही लक्षात ठेवावे; गुच्छ आला की आधी त्यातली लिली काढून दाराबाहेर टाकावी.

पीस लिली आणि कॅला लिली ही नावे ऐकून मात्र घाबरून जाऊ नये. ही दोन्ही अळूच्या कुळातली. पावसात अंगणात फुलणारी गुलाबी किंवा पांढरी रेन लिली, लांब पाकळ्यांची स्पायडर लिली आणि मे-जूनमध्ये लाल चेंडूसारखी उमलणारी फुटबॉल लिली या तिसऱ्याच कुळातल्या. त्यांच्या कंदात लायकोरिनसारखी अल्कलॉइडे असतात. कंद उकरून चावला तर मांजर भरपूर ओकते, त्याला जुलाब होतात. त्रास आहेच, पण मूत्रपिंड जात नाही. चौथी, रानातली कळलावी, जिला इंग्रजी वळणाने ग्लोरी लिली म्हणतात, तिच्यात कोल्चिसीन हे जहाल विष असते आणि तिचा कंद माणसालाही घातक आहे. तिला मांजराच्या घरात जागा नाही.

अळूचे कूळ हा दिवाणखान्यातल्या झाडांचा खरा गोतावळा. मनीप्लांट, सिंगोनियम, फिलोडेंड्रॉन, मॉन्स्टेरा, अ‍ॅग्लोनिमा, डिफेनबेकिया, अँथुरियम, कॅलेडियम, पीस लिली, झेडझेड प्लांट ही सारी भावंडे. अळूने घशाला खाज सुटते, हे मराठी स्वयंपाकघराला सांगायला नको. फदफद्यात चिंच पडते ती त्यासाठीच. ही खाज कॅल्शियम ऑक्झलेटच्या स्फटिकांची. पानाच्या खास पेशींत सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतील अशा सुयांच्या जुड्या भरलेल्या असतात. पान चावले, पेशी फुटली, की त्या सुया बाहेर फेकल्या जातात आणि जिभेत, हिरडीत, टाळ्याला रुततात. मांजर ताबडतोब पान सोडते, पंजाने तोंड चोळते, लाळ गाळते, मान झटकते, कधी ओकते. दृश्य घाबरवणारे असते, पण ही सुई दुखवते म्हणूनच वाचवते: दुसरा घास घेतला जात नाही. काही तासांत त्रास ओसरतो. घसा सुजून श्वासाला अडथळा होणे क्वचित घडते, आणि तसे वाटले तर मात्र थांबू नये. या कुळात डिफेनबेकियाच्या दांड्याचा रस सर्वांत झोंबरा. माणसाने चावला तर जीभ सुजून काही काळ बोलता येत नाही. घरात दहा मनीप्लांट असलेल्यांनी ते सगळे उपटून टाकावेत असे नाही. लोंबणारे वेल उंच टांगावेत आणि डिफेनबेकिया शेजाऱ्याला देऊन टाकावा. अर्थात शेजाऱ्याकडे मांजर नसेल तर.

याच झाडांबद्दल आणखी एक गोष्ट. ‘हवा शुद्ध करणारी झाडे’ म्हणून पीस लिली, स्नेक प्लांट, ड्रेसिना, मनीप्लांट यांची जी विक्री होते, तिचे मूळ अमेरिकेच्या नासा संस्थेसाठी झालेल्या १९८९ च्या एका अभ्यासात आहे. तो अभ्यास लहान बंद पेट्यांत केला होता. पुढे २०१९ साली अशा अनेक प्रयोगांचे आकडे एकत्र मांडून पाहिले, तेव्हा खिडकी-दारांतून होणाऱ्या वायुविजनाची बरोबरी करायला दर चौरस मीटरला दहापासून हजारापर्यंत झाडे लागतील असे दिसले. म्हणजे मांजरासाठी यातले एखादे झाड घरात आणले नाही, तर हवेचे काही बिघडत नाही.

हृदयावर घाला घालणारी झाडे बाल्कनीत आणि गच्चीवर असतात. कण्हेर, बिट्टी म्हणजे पिवळी कण्हेर, बोन्साय म्हणून हौसेने वाढवला जाणारा अ‍ॅडेनियम आणि मारुतीला वाहिली जाणारी रुई यांत हृदयाचे ठोके बिघडवणारी ग्लायकोसाइडे असतात. त्याच परिणामाची दुसऱ्या प्रकारची रसायने कलांचो आणि आपल्या पानफुटीत आहेत. कडूपणामुळे मांजर कण्हेरीचे पान सहसा फारसे खात नाही, पण ‘सहसा’ या शब्दावर जीव टांगण्यात अर्थ नाही. सदाफुलीही घराघरांतली. कर्करोगावरची व्हिन्क्रिस्टीन आणि व्हिन्ब्लास्टीन ही औषधे तिच्यातूनच निघाली. जे रसायन गाठीच्या पेशी मारते, ते मांजराच्या पेशींना सोडत नाही. आणि एक झाड, जे ताडासारखे दिसते पण ताड नाही: सायकस, नर्सरीतला सागो पाम. त्याचे सगळेच भाग विषारी आहेत, बी तर सर्वाधिक. त्याने यकृत निकामी होते आणि ते कळेपर्यंत दोन-तीन दिवस गेलेले असतात. अरेका पाम मात्र पूर्ण निर्धोक आहे; नावातल्या ‘पाम’वरून दोघांची गल्लत होऊ देऊ नये.

बाकीची बरीच मंडळी पोट बिघडवून थांबणारी. कोरफडीचा आतला गर नव्हे, तर सालीखालचा पिवळा चीक रेचक असतो. स्नेक प्लांट, ड्रेसिना आणि ‘लकी बांबू’ या नावाने विकला जाणारा ड्रेसिनाच, यांत सॅपोनिने असतात. ड्रेसिनाने मांजराच्या बाहुल्या विस्फारलेल्या दिसतात. गवती चहा मांजराला भारी आवडतो, पण जास्त खाल्ला तर पचत नाही. नाताळात विकल्या जाणाऱ्या पॉइन्सेटियाची बदनामी मात्र अतिशयोक्त आहे. त्याच्या चिकाने तोंड चुरचुरते, एवढेच. उलट कांदा, लसूण आणि त्यांची पात, जी कुणी विषारी समजत नाही, ती मांजराच्या तांबड्या रक्तपेशी फोडते. खिडकीत कांद्याची पात लावणाऱ्यांनी ती आवाक्याबाहेर ठेवावी.

मांजराने काही खाल्ल्याचा संशय आला, तर तोंडातला उरलेला तुकडा काढावा, तोंड आणि मिशा ओल्या कापडाने पुसाव्यात, अंगावर पराग असेल तर तो चाटण्यापूर्वी धुऊन टाकावा. झाडाची फांदी पिशवीत घालून बरोबर न्यावी किंवा पानाफुलांचा फोटो काढावा. ‘कसलेसे हिरवे पान’ या वर्णनावरून पशुवैद्याला काहीच ठरवता येत नाही. किती वाजता खाल्ले, किती खाल्ले, ओकले का, लघवी केली का, हे प्रश्न विचारले जातातच. ओकारी यावी म्हणून मिठाचे पाणी पाजू नये. मांजरात त्यातूनच मिठाची विषबाधा होते. तूप, तेल, दूध जबरदस्तीने ओतले तर ते श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. लिली आणि सायकसच्या बाबतीत लक्षणांची वाट न पाहता निघावे. रात्रीबेरात्री कोणता दवाखाना उघडा असतो, हे शांत वेळी शोधून ठेवलेले बरे. मुंबईत परळचे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट पशुरुग्णालय, लोकांच्या तोंडचे ‘बैलघोडा’, एकोणिसाव्या शतकापासून या कामात आहे, पण प्रत्येक शहराला तसे भाग्य नाही.

नकोशा झाडांची यादी लांबली, तरी हवीशी कमी नाहीत. स्पायडर प्लांट, अरेका पाम, बोस्टन फर्न, कॅलाथिया, मरांटा, पेपरोमिया, होया, हॉवर्थिया, आफ्रिकन व्हायोलेट, जास्वंद आणि गुलाब हे मांजराच्या दृष्टीने निरुपद्रवी समजले जातात, काट्यांची बाब सोडून. स्पायडर प्लांटच्या लोंबत्या, हलत्या पात्यांवर मांजर हमखास झडप घालते. झाडाला कात्री लागल्यासारखी कळा येते, पण त्याची मुळे दणकट असतात आणि ते पुन्हा फुटते. एक-दोन वर्षांच्या आतले मांजर प्रत्येक हलणारी वस्तू चावून पाहते; वयात आलेल्याचा हा उद्योग पुष्कळ कमी होतो. नाजूक झाडे त्यानंतर आणली तरी चालतात.

मांजराला त्याचे स्वतःचे गवत दिले, तर इतर पानांकडे त्याचे लक्ष कमी जाते. त्यासाठी बाजारात ‘कॅट ग्रास’ची पाकिटे महागात मिळतात, आत असतात गहू, जव किंवा ओट. महाराष्ट्रात हे पीक कसे काढायचे ते दर नवरात्रात घरोघरी पाहायला मिळते. घटाभोवतीच्या मातीत पेरलेले गहू नवव्या दिवशी वीतभर होतात, आणि ज्या घरात मांजर आहे तिथे दसऱ्याआधीच त्यांचे शेंडे कुरतडलेले असतात. तीच कृती एरवीही करावी. गहू रात्रभर भिजवावेत, पसरट भांड्यात दोन बोटे मातीवर दाट पसरावेत, वर मातीचा पातळ थर द्यावा, पाणी शिंपडावे. आठवड्याभरात कोवळी पाती चार-पाच इंच होतात. पेरणीचे म्हणून मिळणारे बियाणे बुरशीनाशक लावलेले असते, ते वापरू नये. खायचा गहू घ्यावा. पाती पिवळी पडली किंवा बुडाशी बुरशी दिसली की भांडे बदलावे. दर आठवड्याला एक पेरले, तर खंड पडत नाही.

काही वनस्पती मांजराला खायला नव्हे, लोळायला हव्या असतात. परदेशात कॅटनिप प्रसिद्ध आहे. त्यातल्या नेपेटालॅक्टोनने साधारण दोन तृतीयांश मांजरे धुंद होतात, बाकीच्यांवर ढिम्म परिणाम नाही. हा गुण आनुवंशिक आहे आणि लहान पिल्लांत तो दिसत नाही. जपानमधील इवाते विद्यापीठाचे मासाओ मियाझाकी आणि सहकाऱ्यांनी २०२१ साली दाखवले, की कॅटनिपसारखीच धुंदी आणणाऱ्या सिल्व्हर व्हाइन या वेलीवर अंग घासलेल्या मांजरांकडे डास कमी येतात. आपल्याकडे रस्त्याकडेला, पडक्या भिंतीशी उगवणारी खोकली नावाची पावसाळी वनस्पती हेच काम करते. तिचे मूळ उपटून ताजे ताजे टाकले, तर एरवी शिष्टासारखे बसणारे बोकेही त्यावर गाल घासून लोळण घेतात; नेपेटालॅक्टोनच्या जवळचे रसायन त्या मुळात असते. गंमत म्हणून हे ठीक, पण ते खाऊ घालण्याचा पदार्थ नव्हे.

झाडे मांजरापासून वाचवायची, तर उंची हा भरवशाचा उपाय नाही. निरोगी मांजर पाच फुटांची उडी सहज घेते, आणि ज्या फळीवर झाड चढू शकते तिथे जवळच्या कपाटावरून मांजरही पोचते. छताला टांगलेली कुंडी, आजूबाजूला टेकायला काही नसेल अशी, हाच त्यातल्या त्यात पक्का बंदोबस्त. दुधा-लोण्यासाठी जुन्या घरांत शिंके होते ते याच अनुभवातून; फक्त दोरी आणि हूक मजबूत असावेत, कारण शिंके तुटले की बोक्याचे फावतेच. मोठ्या झाडांच्या कुंड्या जड आणि रुंद बुडाच्या घ्याव्यात, म्हणजे खोडाला पंजे लावले तरी त्या कलंडत नाहीत. खिडकीचा एक कोपरा कुंड्यांशिवाय मांजरासाठी मोकळा सोडला, तर निम्मी धुसफूस तिथेच मिटते. कुंड्यांमध्ये दाटीवाटीने बसण्याची हौस मांजराला नसते, त्याला ऊन हवे असते.

माती उकरण्याची सवय ही खरी डोकेदुखी. कोरडी, भुसभुशीत माती किंवा कोकोपीट मांजराला शौचासाठी आदर्श वाटते, आणि त्याच्या लघवीतल्या क्षारांनी नि युरियाने झाडाच्या पानांच्या कडा करपतात. मातीवर मोठे गोटे, नारळाच्या करवंट्यांचे तुकडे किंवा झाडाच्या बुंध्यापुरते भोक ठेवून कापलेली जाळी बसवली, की उकरण्यात मजा राहत नाही. लिंबा-संत्र्याच्या सालीही चालतात, पण वाळल्या की त्यांचा वास जातो. मिरचीची पूड आणि डांबरगोळ्या मात्र कधीही टाकू नयेत. पूड पंजांवरून डोळ्यांत जाते आणि डांबरगोळीतले नॅफ्थलीन मांजराला विषारी आहे. कुंडीत घाण करणाऱ्या मांजराचा लिटर ट्रेही एकदा तपासून पाहावा. तो अस्वच्छ असेल, आवाजाच्या जागी असेल किंवा दोन-तीन मांजरांत एकच असेल, तर दोष मांजराचा नाही. मांजरांच्या संख्येपेक्षा एक ट्रे जास्त, हा पशुवैद्यांचा रूढ सल्ला आहे.

खते आणि औषधे हा भाग पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. हाडांच्या चुऱ्याचा वास मांजराला खेचून आणतो आणि ते माती खाऊ लागते. एरंडीच्या पेंडीत रायसिन हे अतिशय जहाल विष उरलेले असू शकते. मांजर असलेल्या घरात ही पेंड आणूच नये. नीट कुजलेले शेणखत आणि गांडूळखत बरे. गोगलगायींसाठीच्या गोळ्यांतले मेटाल्डिहाइड झटके आणते. पर्मेथ्रिन असलेले कीटकनाशक मांजराच्या मज्जासंस्थेवर आघात करते, तेव्हा बाटलीवरचे घटक वाचल्याशिवाय फवारा मारू नये. पिठ्या ढेकूण थोडे असतील तर कापसाच्या बोळ्याने पुसून काढणे सर्वांत सोपे. कुंडीखालच्या ताटलीतले पाणी मांजर आवडीने पिते; त्यात खत उतरलेले असते आणि डासही तिथेच वाढतात, म्हणून ते रोज ओतावे.

मांजर वापरत असलेल्या मातीतून टोक्सोप्लाझ्मा या परजीवीचा संसर्ग होऊ शकतो, आणि गर्भवतीच्या बाबतीत तो बाळापर्यंत पोचण्याची भीती असते. मांजराला हा परजीवी उंदीर, पक्षी किंवा कच्च्या मांसातून मिळतो. पहिल्या संसर्गानंतर साधारण एक ते तीन आठवडे त्याची अंडपुटी विष्ठेतून पडते आणि ती संसर्गक्षम व्हायला एक ते पाच दिवस लागतात. ट्रे रोज साफ केला तर ही साखळी तुटते. घराबाहेर न जाणाऱ्या, शिजवलेले किंवा पाकिटातले अन्न खाणाऱ्या मांजरापासून धोका कमी. अर्धवट शिजलेले मांस आणि न धुतलेली भाजी यांतूनही माणसाला तोच संसर्ग होतो. गर्भवतीने कुंडीची माती हाताळताना हातमोजे घालावेत, नंतर साबणाने हात धुवावेत आणि ट्रे साफ करण्याचे काम घरातल्या दुसऱ्या कुणाकडे द्यावे.